दुप्पट वेग, चौपट धक्का

मित्रांनो, पौषात कलमे मोहरली की सकाळच्या वेळी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, टकटक, टकटक असा एक अखंड आवाज खाली गावात येतो. तुमचे गाव आंब्याच्या बागांजवळ असेल तर तो तुम्ही ऐकलेला आहे. बहुधा त्या आवाजाने तुमची झोपही मोडली असेल. तो आवाज माझा. मी फवारणीचा पंप. आता मी गंजलो आहे, आणि रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारापासून थोडे आत असलेल्या एका गावात, बागायतदार कमालशेठ यांच्या मांगराच्या, म्हणजे अवजारे ठेवायच्या खोपीच्या, भिंतीला टेकून पडलो आहे. माझ्या अंगावर कोंबड्या बसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला तुम्हाला वेगळेच सांगायचे आहे, पण त्यासाठी माझ्या पोटात काय आहे ते आधी कळले पाहिजे.

माझ्या पोटात एक वाकडा दांडा आहे. त्याला क्रँक म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्याने क्रँक गोल फिरतो आणि त्याला जोडलेले तीन दट्टे पुढे-मागे सरकतात. दट्टा मागे गेला की बॅरलमधले औषधाचे पाणी आत ओढले जाते, पुढे आला की तेच पाणी दाबाने पाइपात जाते. डॉक्टरांची सुई तुम्ही पाहिली आहे. तशा तीन सुया पाळीपाळीने, न थांबता चालवल्या तर जे होईल ते मी करतो.

क्रँक एका सेकंदात किती कोनातून फिरतो, याला कोनीय वेग म्हणतात. पुस्तकांत त्यासाठी ओमेगा नावाचे ग्रीक अक्षर लिहितात. मिनिटाला किती फेरे होतात ते मोजायचे, त्याला दोन पायने (२π) गुणायचे, साठने भागायचे, की ओमेगा मिळतो. मी मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांवर चालत असे. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर रेडियन; रेडियन हे कोन मोजायचे माप. तुमच्या नाडीचे ठोके जसे तुमचे, तसा हा आकडा माझा.

पंपाच्या गणितात हा ओमेगा दोन ठिकाणी भेटतो. पाणी किती मिळेल, असे विचारले तर तो साधा येतो. वेग दुप्पट केला की पाणी दुप्पट. पण दट्टा काही एकसारखा सरकत नाही. तो टोकाला जाऊन थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा सुटतो, आणि त्याच्यामागे सक्शनच्या, म्हणजे बॅरलमधून पाणी ओढणाऱ्या, पाइपातल्या सगळ्या पाण्यालाही तसेच थांबावे आणि सुटावे लागते. या ओढाताणीत पाण्याला किती धक्का बसतो, असे विचारले की ओमेगा येतो तो स्वतःने स्वतःला गुणून. वेग दुप्पट केला की धक्का चौपट. सक्शनचा पाइप लांबवला तर तो आणखी वाढतो, कारण हलवायचे पाणीच वाढते. माझे तीन दट्टे एकमेकांना पुष्कळ सांभाळून घेतात, त्यामुळे एका दट्ट्याच्या पंपाइतके हाल माझे होत नाहीत. पण चौपट ते चौपटच. त्यातून कोणाची सुटका नाही.

एवढे लक्षात ठेवा. बाकीची गोष्ट माणसांची आहे.

मला कमालशेठनी पालीतल्या एका दुकानातून आणले. तेव्हा माझा रंग पिवळाधमक होता. मला पिकअपमध्ये चढवले ते फुजैलने, एकट्याने, खांद्यावरून. फुजैल हा कमालशेठचा गनवाला. फवारणीच्या लांब पितळी नळीला बागेत गन म्हणतात, आणि ती ज्याच्या हातात असते त्याच्या हातात त्या वर्षीचे पीक असते. हे काम दिसते तितके सोपे नाही. मोहोरावर औषध जोरात मारले तर मोहोर झडतो, हळू मारले तर मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा पानाच्या पाठीमागे मजेत बसून राहतो. फुजैल झाडाच्या बुंध्याशी उभा राहून आतून बाहेर मारायचा. औषध पानांवर धुक्यासारखे बसायचे, एक थेंब ओघळायचा नाही. शेजारच्या बागांचे मालक मुद्दाम येऊन बघत. "कमालशेठ, तुमचा माणूस दोन दिवस द्या की," असे म्हणत. कमालशेठ म्हणत, "पंप न्या, पिकअप न्या, घरातली गाय न्या. फुजैल तेवढा मागू नका."

रोज काम संपले की फुजैल माझ्यातून साधे पाणी फिरवून घेई, झडपा उघडून बघे, ग्रीस भरी आणि फडक्याने माझे तोंड पुसे. त्याची बायको सुरय्या कधी त्याला जेवायला बोलवायला मांगरात आली की दारातच उभी राहून म्हणे, "घरात शिरताना ह्याला पाय पुसायचं सुचत नाय. पण त्या पंपाचं तोंड बघा कसं पुसतो. निकाह माझ्याशी लावलास की त्याच्याशी?"

"पंप उलट बोलत नाय," फुजैल म्हणे.

"बोलत नाय? सकाळपासून डोकं उठवतो तो."

तो काळ चांगला होता. मी चालत होतो, मोहोर टिकत होता, आणि आमची दोघांची नावे लोक बरोबर घेत होते.

मग एका पौषात माझे जुने डिझेल इंजिन फवारणीच्या मधोमध जाम झाले. कमालशेठनी रत्नागिरीहून नवे पेट्रोल इंजिन आणले. जुने इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे फिरायचे, नवे तीन हजार. इंजिनावरची पुली पाच इंची, माझ्यावरची दहा इंची. जुन्या इंजिनाच्या वेगाचा निम्मा माझ्याकडे यायचा, म्हणजे साडेसातशे. आता त्याच पुल्यांवर पट्टा चढवला तर मला दीड हजाराने फिरावे लागणार होते.

तीन दिवस आभाळ भरलेले होते. अशा हवेत तुडतुडा एका रात्रीत दुप्पट होतो, आणि कमालशेठनी त्या वर्षी स्वतःच्या बागेखेरीज आणखी दोन बागा करारावर घेतलेल्या. घाई कशाची होती ते मला समजत होते. त्यात कमालशेठचे वाईट काही नव्हते.

त्या दिवशी त्यांची पुतणी उमैमा घरी आलेली होती. ती दापोलीला कृषी अभियांत्रिकी शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तिचे वडील जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारे, त्यामुळे घरातले लहानमोठे निर्णय कमालशेठ घेत. उमैमाला पुढे मोठ्या पदवीसाठी राज्याबाहेर जायचे होते. हा निर्णयही त्यांच्याकडेच होता आणि तो त्यांनी अजून घेतला नव्हता.

"उमैमा, तू पंपाचंच शिकतेस ना गो?" कमालशेठनी विचारले.

"पंप पण असतात त्यात, चाचा."

"मग बघ. इंजिन दुप्पट फिरतं. पुल्या जुन्याच ठेवू की बदलू?"

उमैमा माझ्याजवळ उकिडवी बसली. तिने दोन्ही पुल्यांवर टेप धरला आणि फोनवर आकडे घातले. हिशेब बरोबर होता. फेरे दीड हजार, कोनीय वेग एकशे सत्तावन्न, औषध दुप्पट.

"निम्म्या वेळात बाग होईल," ती म्हणाली.

"शाब्बास," कमालशेठ म्हणाले. "बघ फुजैल. अक्कल अशी असते."

पण उमैमाचे बोट फोनवरून उठले नव्हते. ती पिकअपकडे बघत होती. पिकअप चालवणारा नितेश सकाळीच ओरडला होता, की नवे इंजिन गाडीत ठेवून सुरू केले की गाडीचा पत्रा फाटेल असा हादरतो. म्हणून मला आणि इंजिनाला खाली कातळावर ठेवायचे, औषधाचा बॅरल गाडीतच राहू द्यायचा, आणि मधे सक्शनचा लांब पाइप टाकायचा, असे ठरले होते.

"सक्शन पाइप एवढा लांब राहणार का, चाचा?"

"राहील. का?"

"नाही म्हणजे... वेग वाढला की धक्का वर्गाने वाढतो. आणि पाइप लांब असला की अजून. पंपावरची पुली मोठी मिळाली असती तर बरं झालं असतं."

"पालीत मिळेल?"

"पालीत नाही मिळणार. रत्नागिरीला."

"म्हणजे आज जायचं, उद्या आणायची, परवा बसवायची. तोवर तुडतुडा काय मोहोराकडे बघत नमाज पढणार?"

नितेश हसला. त्याचे हसणे ऐकून कमालशेठना आणखी सुचले.

"चार वर्षं एसटीचे धक्के खात दापोलीला गेलीस. तिथे हेच शिकवलं काय, बरं झालं असतं आणि मिळालं असतं? चालेल की नाय चालेल, एवढं सांग. नाय तर तुझ्या पुढच्या शिक्षणाचं पण मी असंच सांगतो. गेली असतीस तर बरं झालं असतं."

या वेळी सगळेच हसले. उमैमाचे कान लाल झाले. तिने फोनचा पडदा बंद केला.

"चालेल," ती म्हणाली.

मित्रांनो, गणितात चालेल असे उत्तर नसते. एक आकडा असतो आणि त्याच्यापुढे दुसरा आकडा असतो. मी किती धक्का सोसू शकतो हा एक, आणि मला किती बसणार हा दुसरा. उमैमाला दोन्ही काढता येत होते. तिने फक्त वेग काढला होता, आणि या दोन आकड्यांपर्यंत पोचण्याआधीच सगळे तिला हसले.

 पट्टा चढवता चढवता फुजैल म्हणाला, "पोरीने सांगितलं म्हणजे झालं. आपल्यात एवढं शिकलेलं दुसरं कोण हाय?"

त्याने सगळे जोड तपासले. पाइप गनला जिथे जोडतात तिथे तो आवळून धरणारा जो क्लॅम्प असतो तो त्याने पान्याने आवळला, हाताने हलवून बघितला, पुन्हा आवळला. मी हे पाहिले आहे. हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

इंजिन सुरू झाले. पहिली काही झाडे होईपर्यंत सगळे खूश होते. गनमधून असा फवारा याआधी कोणी बघितला नव्हता. कमालशेठ खाली रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून दाखवत होते. माझ्या आत काय चालले होते ते बाहेर दिसत नव्हते. दट्टा मागे जायचा आणि पाणी वेळेवर पोचायचेच नाही. दट्ट्यापुढे पोकळी व्हायची, तिच्यात पाण्याची वाफ भरायची, आणि मग मागून आलेले पाणी त्या पोकळीवर येऊन आदळायचे. लोखंडावर हातोडी मारावी तसे. एका सेकंदात कितीतरी वेळा. माझ्या झडपांचे टवके उडू लागले. टकटक हा माझा नेहमीचा आवाज. त्याच्याखाली आता खडखड असा दुसरा आवाज आला. आणि तो धक्का माझ्यापाशी थांबत नव्हता. पाइपातून पुढे जात होता, झाडांमधून, सड्यावरून, फुजैलच्या हातापर्यंत.

"गन उड्या मारतेय," तो खालून ओरडला.

"नव्या इंजिनाचा जोर हाय तो," कमालशेठ म्हणाले. "घट्ट धर."

उमैमाने तो दुसरा आवाज ऐकला. मला माहीत आहे, कारण ती उठून माझ्याजवळ आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. मग तिने चाचांकडे बघितले. चाचा हसत होते. तिने हात काढून घेतला.

दुपारपर्यंत त्या हादऱ्यांनी क्लॅम्पचा नट फेऱ्या-फेऱ्याने उलटा फिरत गेला. मग पाइप सुटला. सुटला तो सापासारखा उसळला, त्या हिसक्याने गनचे पितळी टोक फुजैलच्या उजव्या डोळ्यावर बसले, आणि पाठोपाठ पाइपातले औषध त्याच्या तोंडावर. त्याने तोंडावर रुमाल बांधलेला होता. डोळ्यांवर काही नव्हते. चष्मा बागेत कोणी लावत नाही, त्यावर धुके धरते आणि पानाची पाठ दिसत नाही.

नितेशने माझे इंजिन बंद केले. शांतता झाली तेव्हा फुजैलचा आवाज ऐकू आला. तो फक्त पाणी मागत होता.

मित्रांनो, ही गोष्ट मी पुष्कळ वेळा आठवतो. आमच्याकडे बॅरलभर पाणी होते. पण ते सगळे औषधाचे होते. सकाळी वर आणलेले सगळे पाणी त्यात कालवायचे, अशीच पद्धत आहे. कातळावर दुसरे पाणी नसते. नितेशच्या बाटलीत दोन घोट उरले होते. ते त्याने फुजैलच्या डोळ्यावर ओतले आणि मग तो रिकामी बाटली हातात धरून उभा राहिला. खालच्या वाडीतल्या विहिरीपर्यंत पिकअप जाईपर्यंत फुजैल मागच्या फळीवर, औषधाच्या बॅरलशेजारी, दोन्ही हातांनी चेहरा धरून बसला होता. बॅरल हिंदकळत होता.

डावा डोळा वाचला. उजवा गेला. कमालशेठ दोन दिवस दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ बसून होते, घरी आलेच नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पण तिसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा अंगणात गावातली माणसे जमली होती, आणि कोणीतरी विचारले, "झालं कसं?"

कमालशेठनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा उमैमाकडे. ती ओटीवर उभी होती.

"क्लॅम्प," ते म्हणाले. "क्लॅम्प ढिला ठेवला त्याने. शंभरदा सांगितलं असेल मी. माणूस जुना झाला की त्याला वाटतं, आपल्याला सगळं येतं."

माणसांनी माना हलवल्या. क्लॅम्प सगळ्यांना कळतो. उमैमा खोटे बोलली नाही. ती काहीच बोलली नाही, आणि थोड्या वेळाने आत गेली. पुढच्या आठवड्यात कमालशेठनी तिच्या पुढच्या शिक्षणाला होकार दिला. दोन्ही गोष्टींचा संबंध होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. मी फक्त त्या कोणत्या क्रमाने घडल्या ते सांगतो.

फुजैल घरी आला तेव्हा क्लॅम्पची गोष्ट त्याच्याआधी घरी पोचलेली होती. सुरय्या मात्र ती मानायला तयार नव्हती. एकदा उमैमा मांगरात आली असताना तिने तिला गाठले.

"तू सांग गो. क्लॅम्प ढिला असता तर पाइप सकाळीच सुटला असता की नाय? हा तर दुपारपर्यंत चालला."

"मामी, ढिला असला तर नंतर पण सुटू शकतो," उमैमा म्हणाली.

ते खरे होते. ढिला क्लॅम्प नंतरही सुटू शकतो. सुरय्या निघून गेली. त्यानंतर तिने कोणाला विचारले नाही.

आणि फुजैल स्वतः? त्याचे जे झाले ते सगळ्यात वाईट. पहिल्यांदा तो म्हणायचा, मी आवळला होता. मग म्हणू लागला, आवळला असणार, मी नेहमी आवळतो. मग, काय माहीत, त्या दिवशी घाई होती. पावसाळा येईपर्यंत तो स्वतःच सांगू लागला होता, की मीच आवळला नाही. लोकांना ते आवडले. आपली चूक मान्य करणारा माणूस, असे त्याचे कौतुक झाले. पण शेजारच्या बागांचे मालक त्याला मागायला पुन्हा कधी आले नाहीत.

कमालशेठनी त्याला कामावरून काढले नाही. बागेची राखण दिली. वानर आले की गलोलीने हाकलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या हातात गलोल दिली आणि मांगरासमोर, सगळ्यांदेखत म्हणाले, "नेम धरताना एक डोळा मिटावाच लागतो. फुजैलची तेवढी मेहनत वाचली."

सगळे हसले. फुजैलही हसला, पण थोडा उशिरा, कारण कोण कोण हसतेय ते बघायला आता त्याला सगळी मान वळवावी लागत असे.

माझे पुढे काय झाले तेही सांगतो, पण थोडक्यात. पुली कोणी बदलली नाही. कारण सापडलेले होते, मग बदलायची कशाला? क्लॅम्पवर दुहेरी तार गुंडाळली आणि गन नितेशच्या हातात दिली. त्याच वेगाने मी उरलेला मोसम काढला. माझ्या झडपा झिजून गेल्या, पॅकिंग फाटले, दाब राहीना. औषध फवाऱ्याऐवजी धारेने पडू लागले आणि मोहोर झडला. कमालशेठनी मला लाथ मारली. त्यांचा अंगठा सुजला, त्याबद्दल त्यांनी मला आणखी शिव्या दिल्या. मग एके दिवशी मला ओढत आणून या भिंतीशी टाकले. फुजैल तेव्हा तिथेच होता. त्याने फडके शोधले नाही. माझ्याकडे बघितलेही नाही. माझ्यामुळे त्याचा डोळा गेला असे त्याला वाटत असते तरी चालले असते. पण त्याला वाटत होते, त्याच्या हलगर्जीपणामुळे मी मेलो.

पुढच्या पौषात नवा पंप आला. लालभडक, माझ्यापेक्षा जड, आणि हमीपत्रासकट. उमैमा सुटीवर आली होती. वर्षभरात ती बदलली होती. तिचे बोलणे संथ झाले होते आणि लोक तिचे ऐकून घेत होते. माझ्या अंगावरून काढलेली दहा इंची पुली नितेशने नव्या पंपावर चढवायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "ही नको. हिच्यावर हा दीड हजाराने फिरेल."

"मग?" कमालशेठनी विचारले.

"वीस इंची पाहिजे. आणि सक्शन पाइप आखूड. नाहीतर पाणी तुटतं, आत धक्के बसतात, झडपा जातात. एका मोसमात पंप संपेल."

"एका मोसमात?"

"जुना तसाच गेला," उमैमा म्हणाली.

आभाळ त्या दिवशीही भरलेले होते. तुडतुडा त्या दिवशीही होता. पण कमालशेठनी नितेशला लगेच मोटरसायकलवरून रत्नागिरीला पिटाळले. "दुपारच्या आत आलास पाहिजेस," असे त्याला बजावले. "नवा पंप हाय. त्याचे हाल नकोत."

नितेश दुपारच्या आत आला. पुली बसवताना पंप धरून ठेवायला कोणी हवे होते, म्हणून फुजैलला हाक मारली. तो गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पंप धरून होता. उमैमा बोल्ट आवळत होती. तिचे डोके त्याच्या डोक्याजवळ होते. मी समोरच होतो.

फुजैल हळूच म्हणाला, "जुना वेगानं गेला म्हणालीस."

"हो."

"म्हणजे त्या दिवशी पण वेगच व्हता?"

उमैमाचा पाना थांबला. मित्रांनो, माझे सगळे आयुष्य पुढे-मागे करण्यात गेले आहे. दट्टा टोकाला पोचून क्षणभर थांबतो ते मला बरोबर कळते. ती तशी थांबली होती. मला वाटले, आता ही उलटी फिरणार.

"तुला काय करायच्या त्या चौकशा?" कमालशेठ मागून म्हणाले. "धर नीट."

"क्लॅम्प पण महत्त्वाचा असतो, फुजैलमामू," उमैमा म्हणाली, आणि तिने पुढचा बोल्ट घेतला.

"तर काय," फुजैल म्हणाला. "तेच म्हणतो मी."

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी यंत्रांची निगा राखा असे सांगायचे असते. ते मी सांगणार नाही. यंत्रांची निगा राखली जाते. नव्या पंपाला वीस इंची पुली मिळाली. साडेसातशे फेऱ्यांवर तो सुखाने चालतो, आणि सकाळी त्याचा आवाज इथे माझ्यापर्यंत येतो. एका ठोक्याखाली दुसरा ठोका नसलेला, निरोगी. त्याच्यासाठी कोणीतरी ओमेगाचा वर्ग केला.

तुमच्यातले काही जण पुढे हेच गणित शिकाल. वर्ग करायला विसरू नका, एवढे तुमचे गुरुजी सांगतीलच. मी सांगतो ते पुस्तकात नाही. उत्तर आले की ते, ज्याच्या हातात गन आहे त्याला सांगा. तुम्हाला हसले तरी सांगा. आणि उशीर झाला असेल, तर उशिरा सांगा.

नव्या गनवाल्याला, म्हणजे नितेशला, फुजैल रोज सकाळी वर जाण्याआधी थांबवतो. त्याच्या हातातला पाइप घेतो, क्लॅम्प चाचपतो आणि म्हणतो, "घट्ट आवळ रे बाबा. मी आवळला नाय, तर बघ." आणि आपला चेहरा त्याच्याकडे वळवून दाखवतो.

कधी पालीच्या रस्त्याने आलात तर आत वळा. मांगर कोणीही दाखवील. दारात गलोल घेऊन एक माणूस बसलेला असतो. त्याला यंत्राचे काही शिकवू नका, त्याला त्याची गरज नाही. फक्त सांगा, की क्लॅम्प घट्ट होता.